मेंदूच्या त्रिमित नकाशांतील ‘क्षेत्र ४४’ : एका अंकाच्या नकलांचा शोध

पॅरिस शहरांत इ. स. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत एका रोग्याचा मेंदू मद्यार्कांत बुडवून ठेवण्यांत आला. लाइपझिग येथें १९०९ सालीं छापलेल्या एका जर्मन ग्रंथांत मेंदूच्या पृष्ठभागाच्या एका तुकड्यावर ४४ हा अंक पडला. पुढें १९८८ सालीं एका साठ वर्षांच्या बाईच्या मेंदूच्या आकृतींवर तोच अंक लिहिला गेला, आणि तेथून तो संगणकांत शिरला. आज वाणी व भाषा यांसंबंधींचा कोणताही वैद्यकीय निबंध उघडला तर हा अंक बहुधा आढळतोच. परंतु तो लिहिणारांपैकीं त्या जागेच्या पेशी स्वतः पाहिलेले फार थोडे. या टप्प्यांचा परस्परसंबंध काय, नक्कल कोणीं कशावरून केली, नकलेंत काय गळलें व काय घुसलें, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय वैद्यकाचा असतां तो या त्रैमासिकांत कां, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, मेंदूचा त्रिमित नकाशा हा शेवटीं एक संपादित ग्रंथच असतो. पेशींची रचना पाहावयाची तर मेंदू कापावा लागतो. कापला म्हणजे त्याचीं पानें होतात. तीं पानें आकसतात, फाटतात, दुमडतात. आणि मग तीं जुळवून पुनः एक वस्तु उभी करावयाची असते. ज्यांनीं दप्तरांतील सुटे बंद जुळविले आहेत त्यांस या कामांतील धोके समजावून सांगण्याची जरूर नाहीं. नकाशाकारांच्या हातून ज्या चुका घडल्या त्यांतील कित्येक आपल्याकडील एखाद्या जाणत्या कारकुनानें पहिल्या नजरेंत ओळखल्या असत्या, असें मला वाटतें.

प्रथम मूळ वस्तूकडे वळूं. रोग्याचें नांव लबोर्न्य. तो बिसेत्र येथील रुग्णालयांत एकवीस वर्षें होता, आणि ‘ताँ’ या एका उच्चाराखेरीज त्याच्या तोंडून बहुतेक कांहीं निघत नसे. दुसऱ्याचें बोलणें मात्र त्यास पुष्कळसें कळे. पाय सडूं लागल्यामुळें तो शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याच्याकडे आला, व ता. १७ एप्रिल १८६१ रोजीं वारला. दुसऱ्याच दिवशीं ब्रोकानें त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळाच्या सभेपुढें मांडला. डाव्या अग्रखंडांत, खालून मोजलेल्या पहिल्या आणि शास्त्रज्ञांच्या गणनेप्रमाणें तिसऱ्या वळीच्या ठिकाणीं, खळगा पडलेला उघड दिसत होता. उच्चारित वाणीचें स्थान येथें असावें, असा ब्रोकाचा निष्कर्ष झाला. ‘ब्रोकाची जागा’ हें नांव येथून सुरू झालें. पुढें जें सांगावयाचें आहे त्यासाठीं एक गोष्ट लक्षांत ठेवणें अवश्य आहे. ब्रोकानें हा मेंदू कापला नाहीं. आंत इजा किती खोल गेली आहे हें पाहण्याचा मोह त्यानें आवरला, व ती वस्तु सबंध स्थितींत संग्रहालयाच्या स्वाधीन केली. मूळ प्रत फाडून न वाचतां ती पुढल्यांसाठीं राखून ठेवणारा हा पुरुष आपल्या लोकांस आवडावा असाच आहे.

दुसरा पुरुष कोर्बिनियन ब्रोडमान. हा बर्लिन येथें ओस्कार फोग्ट याच्या प्रयोगशाळेंत काम करी. मेंदूच्या वळ्या व खाचा डोळ्यांस दिसतात. परंतु ब्रोडमानचा भर त्यांवर नव्हता. मेंदूवरील करडें आवरण दोनचार मिलिमीटर जाडीचें असून त्यांत पेशींचे थर असतात. त्याचे पातळ छेद घेऊन रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरले म्हणजे कोठें एखादा थर जाड होतो, कोठें मोठ्या पेशी दिसूं लागतात, कोठें एखादा थर नाहींसा होतो. असा बदल जेथें आढळेल तेथें ब्रोडमान सीमा आंखी व क्षेत्रास अंक देई. अंकांस स्वतःचा अर्थ नाहीं. ते १ पासून ५२ पर्यंत जातात, पण कांहीं अंक केवळ इतर प्राण्यांसाठीं राखले असल्यानें मानवी नकाशांत क्षेत्रें ४३ च भरतात. ब्रोकाच्या जागेपैकीं मागच्या भागास ४४ व पुढच्या भागास ४५ हे अंक पडले.

मूळ ग्रंथ पाहणाऱ्यास दोन गोष्टी जाणवतात. एक, ब्रोडमानचा प्रसिद्ध नकाशा म्हणजे सपाट कागदावरील दोन रेखाकृति आहेत, एक बाहेरील बाजूची व एक आंतील बाजूची. मेंदूच्या आवरणाचा सुमारें दोन तृतीयांश भाग खाचांच्या आंत दडलेला असतो. तो अशा आकृतींत दिसणें शक्यच नाहीं. दुसरी, व्यक्तिव्यक्तींतील फरक नकाशावर उतरलेला नाहीं. नकाशा हा एका आदर्श मेंदूचा आहे. ब्रोडमान १९१८ सालीं पन्नाशीच्या आंतच वारला, आणि त्याची आकृति मागें उरली. मोठ्या प्रयत्नानें केलेल्या वाचनाचा तो गोषवारा होता, वाचन नव्हे.

तिसरा टप्पा पुनः पॅरिसचाच. सेंत-आन रुग्णालयांतील शस्त्रवैद्य झाँ तालेराक यास निराळीच अडचण होती. कवटी फारशी न उघडतां सुई मेंदूच्या खोल भागांत नेमकी पोंचवावयाची, तर आंतील प्रत्येक बिंदूस पत्ता पाहिजे. त्यानें मेंदूच्या मध्यभागांतील दोन लहान बंधांमधून जाणारी रेषा आधारास घेतली आणि तिच्यापासून डावें-उजवें, पुढें-मागें व वर-खालीं अशीं तीन अंतरें मोजून स्थान सांगण्याची पद्धति बसविली. भूमापनांत हद्दीचा दगड असतो तशी ही रेषा. पद्धति उत्तम, आणि तिचें श्रेय तालेराकास पूर्णपणें आहे. १९८८ सालीं त्यानें तूर्नू याच्यासह जो नकाशाग्रंथ प्रसिद्ध केला तो मात्र एकाच मेंदूवरून केला होता. तोही एकाच बाजूचा. दुसरी बाजू आरशांतल्याप्रमाणें समजावयाची. मेंदू साठ वर्षांच्या एका बाईचा असून सरासरीहून लहान होता.

या आकृतींवर ब्रोडमानचे अंक लिहिलेले आहेत. ते कसे आले? त्या बाईच्या मेंदूच्या पेशींची सूक्ष्मदर्शकानें तपासणी झालेलीच नव्हती. ब्रोडमानची सपाट आकृति शेजारीं ठेवून, वळ्यांच्या खुणांवरून, अंदाजानें अंक उतरविण्यांत आले. ग्रंथकारांनीं हें लपविलें नाहीं. मेंदूची पेशीतपासणी झालेली नसून अंकांच्या या स्थलांतरांत कोठें कोठें अनिश्चितता आहे, असा खुलासा त्यांनीं ग्रंथांतच करून ठेवला आहे. प्रामाणिक नक्कलकारानें समासांत लिहावी तशी ही टीप आहे.

समासांतील टिपेचें पुढें काय होतें हें आपण जाणतोंच. जिवंत मनुष्याच्या मेंदूंत कोणतें कार्य चालू असतां कोणती जागा उद्दीपित होते याच्या प्रतिमा गेल्या शतकाच्या शेवटल्या दोन दशकांत मिळूं लागल्या, आणि त्या जागांस नांव देण्याची गरज पडली. तालेराकाचा ग्रंथ हाताशीं होता. अमेरिकेंत सान अँटोनिओ येथील संशोधकांनीं तो संगणकांत भरला; तीन आंकडे दिले कीं खंडाचें नांव, वळीचें नांव आणि ब्रोडमानचा अंक हे एका क्षणांत मिळूं लागले. २००० सालीं त्यांनीं आपली ही योजना वर्णन करून प्रसिद्ध केली. काम मेहनतीचें व उपयुक्त होतें, यांत शंका नाहीं. परंतु ग्रंथांतील ती सावधगिरीची टीप आंकड्यांच्या उत्तराबरोबर येत नव्हती. कागदावर जें अंदाजानें लिहिलेलें म्हणून वाचलें जात असे तें संगणकाच्या तोंडून आलें म्हणजे मोजून काढलेलें वाटूं लागलें. एक मिलिमीटरच्या जाळीवर दिलेलें उत्तर एक मिलिमीटर इतकें खरें आहे, असा समज करून घेण्यास माणसास फारसा वेळ लागत नाहीं.

नकलेची नक्कल किती दूर गेली हें कळण्यास मूळ जातीचा पुरावा पाहिजे, म्हणजे पुनः छेद, रंग आणि सूक्ष्मदर्शक. तो जर्मनींत कात्रिन आमुंट्स, कार्ल त्सिलेस व त्यांचे सहकारी यांनीं मिळविला. १९९९ सालीं त्यांनीं दहा मेंदू, पांच पुरुषांचे व पांच स्त्रियांचे, यांतील ४४ व ४५ या क्षेत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. क्षेत्र ४४ चें आकारमान निरनिराळ्या व्यक्तींत दहापटीपर्यंत बदलतें असें आढळून आलें. शिवाय पेशींच्या रचनेवरून ठरणारी सीमा ही खाचेच्या तळाशीं असेलच असें नाहीं. ती कोठें अलीकडे तर कोठें पलीकडे पडते. म्हणजे वळ्या पाहून अंक लिहिण्याची जी पद्धति १९८८ च्या ग्रंथांत वापरली, तिचा पायाच डळमळीत ठरला. डावीकडील ४४ हें उजवीकडील ४४ हून दहाही मेंदूंत मोठें होतें, हीही गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. एक बाजू पाहून दुसरी आरशांतून घेण्याच्या रीतीस तिनें उत्तर मिळतें.

एका प्रतीवर भिस्त ठेवूं नये हें पटल्यावर पुष्कळ प्रति घेण्याचा मार्ग राहतो. पण पुष्कळ प्रति घेऊन करावयाचें काय, याविषयीं दोन मतें संभवतात. कॅनडांतील माँट्रियल येथें १९९३ च्या सुमारास ३०५ निरोगी तरुण व्यक्तींच्या चुंबकीय प्रतिमा एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी काढण्यांत आली; पुढें १५२ व्यक्तींवरून सुधारलेली दुसरी सरासरी आली व ती जगभर मान्य झाली. या सरासरी मेंदूंत खोल भाग स्पष्ट असतात, पण पृष्ठभागावरील वळ्या धुक्यांत असल्यासारख्या पुसट होतात. कारण उघड आहे. तो मेंदू कोणाच्याही डोक्यांत कधीं नव्हता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना सुकथनकरांनीं प्रतींची सरासरी काढली नाहीं. शाखा ठरविल्या, पाठ निवडला, आणि बाकीचे पाठ तळाशीं दिले. मेंदूच्या बाबतींत त्याला जवळचें काम म्हणजे युलिख येथील संभाव्यतेचा नकाशा होय. त्यांत तेवीस मेंदूंचे सुमारें चोवीस हजार छेद वापरले असून प्रत्येक क्षेत्र दहा मेंदूंत शोधलें आहे, आणि अमुक बिंदूवर दहांपैकीं किती मेंदूंत क्षेत्र ४४ सांपडतें हें दिलें आहे. हा नकाशा २०२० सालीं प्रसिद्ध झाला. एक उत्तर देण्याऐवजीं पाठभेद मोजून देणें ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

तालेराकाचा मेंदू व माँट्रियलची सरासरी यांचीं मापें जुळत नाहींत. सरासरी मेंदू मोठा आहे. पुष्कळ वर्षें निबंधकार एकाचे आंकडे घेऊन दुसऱ्याचीं नांवें वाचीत होते, व मधील फरकासाठीं रूपांतराचीं सूत्रें बसवावीं लागलीं. शिवाय दोन्ही नकाशे पाश्चात्य देशांतील लोकांवरून केलेले. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेनें २०१९ सालीं शंभर भारतीय तरुण स्त्रीपुरुषांच्या प्रतिमांवरून स्वतंत्र नकाशा केला. त्यांत सरासरी भारतीय मेंदूची उंची, रुंदी व आकारमान पाश्चात्य मापांहून कमी भरलें. यावरून बुद्धीविषयीं कांहीं अनुमान काढणें पोरकटपणाचें होईल. मुद्दा इतकाच कीं, कोकणांतील शेताचा बांध दुसऱ्या प्रांताच्या शंकुसाखळीनें मोजून चालत नाहीं.

येथवर प्रतिमांच्या नकाशांविषयीं झालें. पेशींपर्यंत पोंचणारी सबंध त्रिमित प्रत तयार व्हावयास २०१३ साल उजाडलें. युलिख व माँट्रियल येथील मंडळींनीं मिळून ६५ वर्षांच्या एका व्यक्तीचा मेंदू मेणांत बसविला, व त्याचे एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके, म्हणजे २० मायक्रोमीटर जाडीचे, ७,४०४ छेद केले. प्रत्येक छेद कांचेवर पसरून त्यास रंग दिला व त्याची संगणकीय प्रतिमा घेतली. ही सामग्री गोळा करण्यासच सुमारें एक हजार तास लागले. मग खरें काम सुरू झालें. छेद कापतांना ताणले जातात, त्यांस भेगा पडतात, कडा मुडपतात. कापण्यापूर्वीं त्याच मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेऊन ठेवलेली असल्यामुळें आकाराची तपासणी करण्यास कांहीं आधार होता. तिच्याशीं ताडून, शेजारच्या छेदांशीं जुळवून, संगणकानें व हातानेंही दुरुस्त्या करून सबंध मेंदू पुनः उभा केला. नेहमींच्या एक मिलिमीटरच्या प्रतिमेशीं तुलना केली तर प्रत्येक दिशेस पन्नासपट, म्हणजे घनफळानें सव्वा लाखपट बारकावा यांत आहे.

पोथींतील गळालेलें अक्षर संपादक भरतो तेव्हां तो तें कंसांत घालतो. संगणकानें उभ्या केलेल्या मेंदूंत भरलेली जागा मूळ जागेसारखीच दिसते. कंस दिसत नाहीं. यावर उपाय एकच, तो म्हणजे मूळ पानें उपलब्ध ठेवणें, आणि या मंडळींनीं तो केला आहे. जुळवलेल्या मेंदूबरोबर छेदांच्या प्रतिमाही अभ्यासकांस खुल्या आहेत. आपल्याकडे मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेनें २०२४ च्या डिसेंबरांत ‘धारिणी’ या नांवानें गर्भावस्थेच्या मधल्या काळांतील पांच मेंदूंचे ५,१३२ छेद संगणकीय रूपांत असेच सर्वांस खुले केले. आपल्या इकडील किती खासगी दप्तरांची अशी व्यवस्था झाली आहे, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

या सर्वांत रोग्याचा संबंध कोठें येतो? कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूंत विजेची तार बसवितात, ती ज्या केंद्रांत जावी लागते तें केंद्र लांबींत सुमारें एक सेंटिमीटरचें. दोन-तीन मिलिमीटर चुकलें तर कंप थांबण्याऐवजीं बोलणें अडखळतें किंवा हातपाय आंखडतात. या कामीं कित्येक वर्षें शाल्टेनब्रांड व वाहरेन यांचा १९७७ चा नकाशाग्रंथ प्रमाण मानीत. त्यांतील तीन दिशांचे छेद निरनिराळ्या मेंदूंचे असल्यामुळें एका दिशेच्या पानावरील सीमा दुसऱ्या दिशेच्या पानाशीं तंतोतंत जुळत नाहीं. तीं पानें संगणकांत एकत्र बसवूं जातांच हा विसंवाद उघडा पडला. कागदावर तो कोणास फारसा बोंचत नव्हता. हल्लींचे शस्त्रवैद्य रोग्याच्या स्वतःच्या प्रतिमेवर मुख्य भिस्त ठेवतात व नकाशा वाटाड्यासारखा वापरतात, तें योग्यच आहे.

शिक्षणासाठीं केलेल्या त्रिमित देहाची कथा थोडी निराळी व कांहींशी खिन्न करणारी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें १९९४ सालीं एका पुरुषाच्या सबंध देहाचे, मेंदू धरून, एकेक मिलिमीटरवर घेतलेले १,८७१ छेद प्रसिद्ध केले. पुढल्या वर्षीं एका स्त्रीदेहाचे ५,१८९ छेद आले. तिचें नांव अज्ञात ठेवलें आहे. पुरुष हा टेक्सासमध्यें १९९३ सालीं देहान्त शासन झालेला ३९ वर्षांचा कैदी होता. त्यानें देहदानास संमति दिली होती, परंतु कोठडींतील मनुष्याची संमति कितपत मोकळी, याविषयीं वाद झाला व तो योग्यच होता. त्या छेदांवरून तयार झालेल्या आकृतींवर जगांतील असंख्य विद्यार्थी शिकले. कागद कोणाच्या दप्तरांतून व कोणत्या मार्गानें आला, हें नमूद करणें जसें आपण कर्तव्य समजतों तसेंच येथेंही समजावयास पाहिजे.

आतां लबोर्न्याच्या मेंदूकडे पुनः वळूं. तो दीडशें वर्षें पॅरिसच्या द्युपुइत्राँ संग्रहालयाच्या मालकीचा होता. २००७ सालीं नीना ड्रॉन्कर्स व त्यांचे सहकारी यांनीं त्या मेंदूची, व ब्रोकाच्या दुसऱ्या रोग्याच्या मेंदूचीही, चुंबकीय यंत्रानें त्रिमित प्रतिमा घेऊन ती प्रसिद्ध केली. सुरीचा स्पर्श न होतां आंतील भाग प्रथमच इतक्या बारकाव्यानें वाचतां आला. इजा पृष्ठभागावरील खळग्यापुरती नव्हती. ती आंत खोल, मेंदूच्या पुढल्या व मागल्या भागांस जोडणाऱ्या लांब तंतूंच्या जुडग्यापर्यंत गेलेली होती. लबोर्न्याच्या मेंदूंत सर्वांत अधिक बिघाड तिसऱ्या वळीच्या मधल्या भागांत होता. क्षेत्र ४४ ज्या मागल्या भागांत पडतें तेथें तो तुलनेनें कमी. म्हणजे ‘ब्रोकाची जागा’ म्हणून जी हल्लींच्या पुस्तकांत ४४ व ४५ या अंकांनीं दाखवितात, ती ब्रोकानें पाहिलेल्या जागेशीं पुरती जुळत नाहीं. लबोर्न्याचें बोलणें त्या खळग्यामुळें गेलें कीं खोल तंतू तुटल्यामुळें, हा वाद १८६१ च्या सभेंत निकालांत निघाला असें जें पिढ्यान् पिढ्या शिकवीत आले, तें यापुढें तसेंच शिकवितां येणार नाहीं.

हें कळलें तें ब्रोकानें वस्तु कापली नाहीं म्हणून. २०१६ सालीं तें संग्रहालय बंद झालें व त्यांतील संग्रह पॅरिस विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतींत हलविला गेला. त्या संग्रहांत लबोर्न्याचा मेंदू सबंध आहे.